भाव, आवक आणि समुद्र

दोंडाईचा बाजार समितीत मिरचीचा हंगाम भरात असला की लिलावाच्या जागी दहा मिनिटं उभं राहणंही अवघड जातं. माणसं नाकाला रुमाल लावूनच बोली ऐकतात. ओली लाल मिरची गाडीतून उतरते, ढीग पडतो, व्यापारी मूठभर मिरच्या उचलून देठ पाहतो, एखादी मोडून आतला ओलावा पाहतो, आणि आकडा पुकारला जातो. तो आकडा संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत पोचलेला असतो. चढा असेल तर ज्यांचा तोडा दोन-तीन दिवसांनी व्हायचा तेही मजूर लावतात आणि परवा समितीच्या दारात गाड्यांची रांग लागते. रांग लागली की भाव बसतो. भाव बसला की लोक तोडा चार दिवस पुढे ढकलतात, आवक आटते, आणि भाव पुन्हा उठतो.

आता समजा, बाजार कधी न पाहिलेला एक हुशार माणूस महिन्याचं रजिस्टर पुढ्यात घेऊन बसला. रोजची आवक आणि रोजचा भाव त्यानं शेजारी शेजारी मांडले. त्याला दिसेल की ज्या दिवशी माल भरपूर, त्या दिवशी भाव पडलेला. यावरून भाव पाडला की माल येतो असं तो म्हणू लागला, तर समितीतला हमालसुद्धा त्याला सांगेल की भाऊ, गोष्ट उलटी आहे. भाव चढा होता म्हणून माल आला आणि माल आला म्हणून भाव पडला. इथे दोघांपैकी एक मालक आणि दुसरा नोकर असं नाही. एकाचा आकडा फळ्यावर गोठवून दुसऱ्याचा हिशेब मांडायला गेलात, तर हिशेब चुकणारच.

मला मोसमी पावसाबद्दल जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. समुद्राचं तापमान म्हणजे भाव, आणि पाऊस म्हणजे आवक. कॉम्प्युटरवर पाऊस मांडणाऱ्या शास्त्रज्ञांनी बराच काळ भाव गोठवून आवकेचा हिशेब केला. तो गोठलेला आकडा सुटा करायला त्यांना किती कष्ट पडले आणि अजून पडताहेत, ती हकीकत आमच्या शिवाराशी थेट जोडलेली आहे.

जूनमध्ये आमच्याकडे फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. ‘पानी उना का?’, म्हणजे पाऊस आला का, हा असतो. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं घरात येऊन पडलेली असतात. कुणी धूळपेरणी करून बसलेलं असतं, कुणी वाफशाची वाट पाहत असतं. दोंडाईच्यापासून सुरतेचा समुद्र सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तापी तिकडेच जाते, रेल्वेही तिकडेच जाते. तरी आमचा भरवसा त्या जवळच्या समुद्रावर कमी. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्री आणि नवापूरकडचे डोंगर आधी वाटून घेतात, आमच्या शिंदखेडा तालुक्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आमची खरी भिस्त हजार किलोमीटरहून लांबच्या बंगालच्या उपसागरावर. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार व्हावं, ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ करत पश्चिमेकडे सरकावं, मग आमच्या कपाशीला पाणी. ज्यांनी आयुष्यात कधी समुद्र पाहिला नाही, अशी माणसं आमच्याकडे त्या उपसागराचं नाव घरच्या विहिरीसारखं घेतात.

समुद्राला एवढं महत्त्व का, हे आधी पाहू. जमिनीपासून आकाशापर्यंतची सगळी हवा एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात मावते. पुरुषभर खोलीच्या दुप्पटही नाही. त्याखालचा सगळा समुद्र शिल्लकच. हवा आज तापते, उद्या निवते. तिला मागचं फार आठवत नाही. समुद्र मात्र महिनोन्‌महिने आठवण ठेवतो. एप्रिलमध्ये सप्टेंबरबद्दल काही बोलता येतं, ते या आठवणीच्या जोरावर. अमेरिकेत काम करणारे ज्यूल चार्नी आणि मूळचे बलियाकडचे जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये हे नीट मांडलं. उष्ण कटिबंधात रोजचं हवामान दोन आठवड्यांपलीकडे सांगता आलं नाही, तरी हंगामाचा एकूण कल सांगता येईल, कारण त्याचा पाया समुद्रासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींत आहे. या विचारानं फार मोठी आशा दिली.

त्याआधीही अंदाज होतेच. १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पहिला अधिकृत अंदाज दिला. १९०४ पासून वीस वर्षं भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरचे आकडे जुळवताना प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यामधला हवेच्या दाबाचा झोका शोधून काढला. मात्र तो झोका कशानं हलतो, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी दिलं: खालचा समुद्र आणि वरची हवा एकमेकांना ढकलतात. पेरूच्या किनाऱ्याकडे पाणी तापणं, म्हणजे एल निनो, आणि वॉकरांचा झोका हे एकाच देवघेवीचे दोन चेहरे आहेत. त्याच १९६९ मध्ये स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी हवा आणि समुद्र दोन्ही असलेलं पहिलं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवलं. मानाबेंना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

पण दोन्ही एकत्र चालवणं खर्चिक होतं आणि मशिनं तोकडी होती. म्हणून मधली बरीच वर्षं पावसाची बहुतेक मॉडेलं नुसत्या हवेची होती. समुद्राचं तापमान त्यांना बाहेरून दिलं जाई. मोजलेलं असो वा अंदाजानं काढलेलं, पण दिलेलं. मॉडेलमधली हवा त्या समुद्रावरून वाही, बाष्प उचली, पाऊस पाडी. समुद्र जागचा हलत नसे. फळ्यावरचा भाव सकाळी लिहिला तो लिहिला, कितीही गाड्या येवोत.

यात बिघडतं काय, हे समजायला माठ पुरतो.

आमच्याकडे मे महिन्यात ओट्यावर, निंबाच्या सावलीत, वाळूत माठ ठेवतात. वरून ओलं फडकं. वारा सुटला की पाणी गार होतं, कारण वारा माठाच्या अंगावरचं पाणी बाष्प करून नेतो आणि त्या बाष्पासाठी लागणारी उष्णता माठातूनच घेतो. पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. समुद्रही असाच एक माठ आहे. जूनमध्ये सोमालियाच्या बाजूनं मोसमी वारे जोरानं सुटतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प उचलतात, तेव्हा त्या बाष्पाची किंमत समुद्र आपल्या अंगच्या उष्णतेनं चुकवतो. वर ढग येऊन ऊन अडवतात. लाटा खालचं थंड पाणी ढवळून वर आणतात, आणि सोमालियाच्या किनाऱ्याला तर वारा वरचं पाणी दूर लोटतो नि खोलातलं गार पाणी वर येतं. मे महिन्यात तीस अंशांपर्यंत तापलेला अरबी समुद्र जुलैपर्यंत कितीतरी निवलेला असतो. ज्या पावसासाठी तो तापला होता, त्याच पावसानं त्याला निववलेलं असतं.

आता गोठलेल्या समुद्राचं मॉडेल आठवा. तिथे वारा माठावरून वाहतो, पाणी नेतो आणि माठ गार होत नाही. बाष्प फुकट. एखाद्या भागात समुद्र गरम दिला की मॉडेल तिथे पाऊस पाडत राहतं, कारण त्याला थांबवायला कुणी नाही. २००५ मध्ये बिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उघडं केलं. त्यांनी त्या काळच्या उत्तम मॉडेलांना समुद्राचं प्रत्यक्ष मोजलेलं, अगदी खरं तापमान दिलं. तरीही आशियाच्या आणि शेजारच्या प्रशांत महासागराच्या मोसमी पट्ट्यात त्यांचा पाऊस खऱ्या पावसाशी जुळेना. मॉडेल म्हणत होतं, जिथे समुद्र गरम तिथे पाऊस जास्त. निसर्गात त्या पट्ट्यात नेमकं उलटं दिसत होतं: जास्त पाऊस, तिथे समुद्र गार. मिरचीच्या रजिस्टरातला तो आवक-भावाचा उलटा संबंध. समुद्राचा आकडा खरा असूनही उत्तर खोटं निघालं, कारण आकडा तेवढा दिला होता, देवघेव दिली नव्हती. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माहिती अचूक असली की उत्तर अचूक येतं, ही आपली समजूत तिनं पार हलवली.

याची चाहूल आपल्याकडे वीस वर्षं आधीच लागली होती, आणि ती टिपणाऱ्या एक पुण्याच्या बाई होत्या. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म १९४४ चा, पुण्याचा. हार्वर्डला शिकल्या, परत आल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर पावसामागे लागल्या. १९८४ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध लिहिला. उपग्रहातून दिसणारे ढग आणि खालच्या समुद्राचं तापमान त्यांनी ताडून पाहिलं. साधारण २८ अंशांच्या खाली पावसाचे मोठे ढग फारसे जमतच नाहीत. २८ गाठले की जमू लागतात. पण त्यावर काय? त्यावर नियम संपतो. २९ अंशांच्या समुद्रावर कधी आभाळ भरून येतं, कधी कोरडं ठाक. म्हणजे २८ अंश हा उंबरठा. तो ओलांडल्याशिवाय आत येता येत नाही, पण ओलांडला म्हणून कुणी आत येईलच असं नाही. त्यापुढचं हवा आणि समुद्र मिळून ठरवतात. गाडगीळ शेतकऱ्यांच्या बांधावरही गेल्या, दक्षिणेतल्या भुईमुगाच्या पेरणीची तारीख आणि पावसाचे खंड यांचा हिशेब त्यांनी मांडला. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या. ऐन पावसाळ्यात.

बंगालचा उपसागर या उंबरठ्याच्या वरच राहतो, अगदी पावसाळ्यातही. अरबी समुद्र निवतो आणि हा का निवत नाही? कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी यांचं गोडं पाणी आणि वरून पडणारा पाऊस. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. ही साय खालच्या जड पाण्यात सहज मिसळत नाही, लाटांना ढवळणं जड जातं, आणि चार दिवस ऊन पडलं की पातळ थर पटकन तापतो. पाऊस पडला की उपसागर थोडा निवतो, उघडीप झाली की झपाट्यानं पुन्हा तापतो आणि पुढच्या कमी दाबासाठी तयार होतो. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागर कन्या’ आणि ‘सागरध्वनी’ ही जहाजं याच तपासासाठी उपसागरात नेली होती. खवळलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे उभं राहून शास्त्रज्ञांनी वर फुगे सोडले आणि खाली पाण्याचं तापमान नि खारेपण मोजलं. पावसाच्या जोरात पाणी निवतं आणि खंडात तापतं, हे त्यांनी जागेवर नोंदलं.

आमच्या दृष्टीनं हा खंडच सगळ्यात महत्त्वाचा. हंगामाच्या सरासरीनं शेतकऱ्याचं पोट भरत नाही. २०२३ चं साल पाहा. देशात चार महिन्यांचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला, कागदावर फार वाईट नाही. पण त्यात जुलै सरासरीहून १३ टक्के जास्त आणि ऑगस्ट ३६ टक्के कमी होता. १९०१ पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. बोंडं धरायच्या दिवसांत कपाशीला ताण, मक्याची कणसं दाण्याविना. ज्या मॉडेलमध्ये समुद्र निवत नाही आणि पुन्हा तापत नाही, त्याला पाऊस आणि उघडीप यांची ही लय कशी सापडणार? म्हणून समुद्र मोकळा सोडायला हवा, असं मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो ऑगस्ट असतो.

लांबच्या समुद्राचंही हेच. बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी एल निनो होता, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण १९९७ मध्ये त्या शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी एक असतानाही देशात सरासरीपेक्षा किंचित जास्त, १०२ टक्के पाऊस झाला. आणि २००२ मध्ये मध्यम एल निनो असताना ८१ टक्के. त्या जुलैत तर निम्म्याच्या आसपास पाऊस गायब होता, आणि अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता. फरक हिंदी महासागरात होता. १९९७ मध्ये त्याचा आफ्रिकेकडचा भाग तापलेला आणि सुमात्राकडचा निवलेला होता. एन. एच. साजी, भूपेंद्रनाथ गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी १९९९ मध्ये या जोडीला हिंदी महासागराचा द्विध्रुव असं नाव दिलं. म्हणजे प्रशांताचा एक आकडा घेऊन भागत नाही. दोन महासागर आणि त्यांच्यावरची हवा, सगळ्यांचं एकमेकांशी चाललेलं खातं एकाच वेळी मांडावं लागतं.

ते मांडायचं काम पुण्यात पाषाणला होतं. १९६२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये अमेरिकेचं एक जोडलेलं मॉडेल घेतलं आणि आपल्या पावसासाठी घडवलं. त्यात हवा आणि समुद्र दर अर्ध्या तासाला आपसांत बोलतात. हवा सांगते: एवढा वारा, एवढं ऊन, एवढा पाऊस, एवढं बाष्प नेलं. समुद्र सांगतो: मग आता माझं तापमान हे. पुढचा अर्धा तास त्या नव्या भावानं. पूर्ण हंगाम असा अर्ध्या अर्ध्या तासानं चालवायचा, तोही एकदा नाही. सुरुवात किंचित वेगळी धरून पुन्हा पुन्हा, म्हणजे किती वाटा कुठे जातात ते कळतं. सुरुवातीचा समुद्र खरा असावा म्हणून बोये आणि आपोआप वर-खाली होणारे आर्गो फ्लोट समुद्रात सोडलेले आहेत. त्यांची मोजमापं हैदराबादच्या संस्थेत जुळवली जातात. दोन-तीन दिवसांच्या अंदाजाला एवढ्याची गरज नाही. तेवढ्यात समुद्र फार बदलत नाही, आजचा भाव उद्याला चालतो. चार महिन्यांना चालत नाही.

मात्र समुद्र मोकळा सोडला की तो भरकटतोही. गोठलेला आकडा निदान जागेवर तरी होता. पूर्वी काही जोडलेल्या मॉडेलांत समुद्राला दर वेळी हात धरून जागेवर आणावं लागे. पुण्यात आलेल्या मॉडेलमध्ये हात धरलेला नव्हता, आणि त्यामुळे त्याची खोड लगेच दिसली: त्याचा समुद्र खऱ्यापेक्षा थंड होई आणि मध्य भारतात पाऊस कमी पडे. अरबी समुद्र थंड, म्हणून बाष्प कमी, म्हणून पाऊस कमी. जगातल्या अनेक मॉडेलांत ही खोड आहे. देवघेव सुरू झाली की चुकीचीही देवघेव होते. एकाची चूक दुसऱ्याला पोसते. मग मुळाशी जाऊन एकेक दुवा तपासावा लागतो. ढग किती ऊन अडवतात, लाटा किती खोलवर ढवळतात. त्या मॉडेलच्या समुद्रात सगळ्यात वरचा थर १० मीटर जाडीचा होता. उपसागरावरची गोड्या पाण्याची साय कधी कधी याहून पातळ असते. सायीपेक्षा पळीच जाड, तर साय मोजणार कशी? हवेच्या बाजूला हिशेबाची एकेक चौकट साधारण ३८ किलोमीटरची. एकाच चौकटीत दोंडाईचा आणि शिंदखेडा दोन्ही मावतात, आणि मधल्या रस्त्यावर अर्धं शिवार भिजलेलं नि अर्धं कोरडं, हे आम्ही दर वर्षी पाहतो.

म्हणून एप्रिलमध्ये हवामान विभाग ‘सरासरीच्या इतके टक्के’ म्हणतो तेव्हा ते आमच्या बांधासाठी नसतं. त्यावर पेरणीची तारीख ठरवू नये. पण कपाशीखाली किती रान घालायचं, बाजरीला किती ठेवायचं, विहिरीचं पाणी कुणासाठी राखायचं, हे ठरवताना त्याला जागा आहे. ती जागा दर वर्षी थोडी वाढते आहे असं मला वाटतं.

आणि आता भावच मुळात चढतो आहे. पुण्याच्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग १.२ अंशांपर्यंत तापला. समुद्र तापला म्हणजे पाऊस वाढला, असं वाटेल. गाडगीळांचा उंबरठा आठवला तर वाटणार नाही. मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात एकूण पाऊस घटत आला, आणि १९५० ते २०१५ या काळात त्याच मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. समुद्र तापला तसा जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटला, वाऱ्याची ओढ मंदावली. आणि सुटले की तेच वारे जास्त बाष्प घेऊन सुटू लागले. पन्नास वर्षांनंतरच्या पावसाचं मॉडेल मांडताना समुद्र गोठवून ठेवायची सोयच उरलेली नाही.

सप्टेंबरात सारंगखेड्याच्या पुलावर उभं राहून तापी पाहावी. मातकट पाणी काठोकाठ. त्यात मालपूरकडून येणाऱ्या आमच्या अमरावती नदीचं पाणी असतं, शिंदखेड्याच्या नाल्यांचं असतं. ते पुढे उकाई धरणात जातं आणि तिथून सुटलेलं सुरतेजवळ समुद्रात शिरतं. गोडं पाणी समुद्राचं तापणं-निवणं बदलतं हे उपसागरानं शिकवलं. तरी अनेक मॉडेलांत नद्यांचं पाणी आजही वर्षानुवर्षांच्या सरासरीनंच समुद्रात सोडलं जातं. पाऊस भरपूर पडो की खंड पडो, नदी ठरलेलं पाणी आणते. फळ्यावरचा गोठलेला आकडा अजून एका ठिकाणी शिल्लक आहे. मॉडेलमध्ये पडलेल्या पावसाप्रमाणेच नदी वाहवायची, यावर आता काम चाललं आहे. ते पुरं होईल तेव्हा खानदेशात पडलेला पाऊस हिशेबातसुद्धा समुद्रापर्यंत पोचेल.